क्लिनोस्टॅटवर चेतापेशी मेल्या, पण त्या वजनरहिततेमुळे मेल्या का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पदव्युत्तर विद्यार्थ्यानं रॅटच्या भ्रूणाच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातून काढलेल्या चेतापेशी आणि सोबत एसएच-एसवाय५वाय या गाठीतून आलेल्या पेशी २५ चौरस सेंटिमीटरच्या फ्लास्कमध्ये वाढवल्या. फ्लास्क मीडियमनं, म्हणजे पोषक द्रावणानं, काठोकाठ भरून एका अक्षाभोवती फिरणाऱ्या क्लिनोस्टॅटवर मिनिटाला ६० फेऱ्यांनी ७२ तास फिरवले. कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, दुसऱ्या इन्क्युबेटरमध्ये नेहमीसारखे ५ मिलिलीटर मीडियम घातलेले स्थिर फ्लास्क ठेवले. ७२ तासांनंतर फिरवलेल्या फ्लास्कमध्ये हिप्पोकॅम्पसच्या पेशी जवळपास निम्म्याच उरल्या होत्या आणि उरलेल्यांचे तंतू आखूड होते. आता त्याचं विचारणं असं, की सूक्ष्मगुरुत्वामुळे, म्हणजे जवळपास वजनरहित अवस्थेमुळे, चेतापेशी मरतात असा निष्कर्ष काढता येईल का, आणि पुढच्या टप्प्यासाठी रँडम पोझिशनिंग मशीन (दोन अक्षांभोवती फिरवणारं यंत्र) घ्यायला गाइडना सांगावं का?

दोन्ही प्रश्नांना माझं आजचं उत्तर 'अजून नाही' असं आहे. तुमचा प्रयोग वाया गेलेला नाही, पण तुम्हाला दिसलेल्या फरकामागे निदान पाच-सहा वेगवेगळी कारणं असू शकतात आणि गुरुत्व हे त्यातलं एकच. यंत्र बदलल्यानं बाकीची कारणं जाणार नाहीत, काही तर वाढतील. त्यामुळे कुठलं यंत्र चांगलं हा विचार नंतर करू. फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या फ्लास्कमध्ये गुरुत्वाच्या दिशेखेरीज आणखी काय काय वेगळं होतं, हे आधी बघायला हवं. मी बरीच वर्षं याच कामात आहे आणि नव्या मुलांबरोबर माझा सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नावर जातो.

सुरुवात यंत्रापासून करते. क्लिनोस्टॅट गुरुत्व कमी करत नाही. तसं ते अंतराळ स्थानकावरही फारसं कमी झालेलं नसतं. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं. स्थानक आणि त्यातलं सगळं एकत्र मुक्तपणे पडत असतं, म्हणून वजन जाणवत नाही. क्लिनोस्टॅटवर पेशीला पूर्ण १ जी (जमिनीवरचं नेहमीचं गुरुत्व) लागू असतो, फक्त तिच्या दृष्टीनं त्याची दिशा सतत फिरते. एका फेरीत सगळ्या दिशांची बेरीज शून्य होते, आणि पेशीला दिशा ओळखायला एका फेरीपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तिच्यासाठी 'खाली' असं काही उरत नाही. सगळी भिस्त या गृहीतकावर आहे. हे यंत्र एकोणिसाव्या शतकात वनस्पतींसाठी तयार झालं, कारण मुळांच्या टोकाशी असलेल्या पेशींमध्ये पिष्टमय पदार्थाचे जड कण खाली बसतात आणि त्याला काही मिनिटं लागतात. तिथे हे गृहीतक चांगलं लागू पडतं. चेतापेशीत असं ठरलेलं जड काही नाही. आपल्या आतल्या कानालासुद्धा गुरुत्व ओळखण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक बाहेरून केसपेशींवर ठेवावे लागतात. साध्या चेतापेशीला हिप्पोकॅम्पसमध्ये बसून गुरुत्व 'कळावं' अशी काही सोय नसते.

थोडं गणित करून बघा, याचा फार उपयोग होतो. १० मायक्रोमीटर व्यासाची पेशी घ्या आणि तिची घनता मीडियमपेक्षा साधारण ५ टक्क्यांनी जास्त धरा. उत्प्लावक बल वजा केल्यावर तिचं उरलेलं वजन पाव पिकोन्यूटनच्या आसपास येतं. याउलट अक्षतंतूतून माल वाहणारा कायनेसिनचा एक रेणू ५ ते ७ पिकोन्यूटन इतका जोर लावू शकतो. म्हणजे पेशीच्या आतल्या असंख्य मोटर प्रथिनांपैकी एकाचा जोर संपूर्ण पेशीच्या वजनाच्या वीसपटीहून जास्त. म्हणून 'गुरुत्व गेलं आणि चेतापेशी मेली' असं वाक्य मी वाचते तेव्हा लगेच थांबते. परिणाम होत नाहीत असं मी म्हणत नाही. पॅराबोलिक उड्डाणांत, म्हणजे विमान वर चढवून मुक्तपणे पडू देतात तेव्हा, खरं सूक्ष्मगुरुत्व प्रत्येक वेळी २०-२२ सेकंद मिळतं. तिथे होहेनहाइम विद्यापीठातल्या गटानं एसएच-एसवाय५वाय पेशींची पटलं मोजली, तेव्हा सूक्ष्मगुरुत्वात पटलाची श्यानता (घट्टपणा) कमी होते आणि जास्त गुरुत्वात वाढते असं दिसलं. पटल बदललं की त्यातल्या आयन वाहिन्यांचं (आयन आत-बाहेर सोडणाऱ्या दारांचं) वागणं बदलू शकतं, म्हणजे हा रस्ता शक्य आहे. पण हे बदल सूक्ष्म आहेत. तीन दिवसांत निम्म्या पेशी नाहीशा होणं ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे, आणि तिचं कारण मी आधी फ्लास्कमध्ये शोधेन.

आता तुमचा फ्लास्क. फिरणाऱ्या वस्तूवर अपकेंद्री त्वरण येतं, कोनीय वेगाचा वर्ग गुणिले अक्षापासूनचं अंतर. मिनिटाला ६० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ६.२८ रेडियन, त्याचा वर्ग ३९.५. अक्ष फ्लास्कच्या तळाच्या मध्यरेषेतून जातो असं धरलं तर कडेच्या पेशी सुमारे अडीच सेंटिमीटरवर आहेत. तिथलं त्वरण जवळपास १ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे ०.१ जी. चंद्रावर ०.१६ जी असतो. तुमच्या फ्लास्कच्या कडेला सूक्ष्मगुरुत्व नव्हतंच, तिथे चंद्राच्या निम्म्याहून जास्त इतका सततचा ओढा होता. मध्यरेषेपासून २ मिलिमीटरच्या आत हाच आकडा ०.००८ जी येतो आणि तेवढा चालण्यासारखा आहे. म्हणून वेगानं फिरणाऱ्या क्लिनोस्टॅटवर बारीक नळ्या किंवा अरुंद स्लाइड वापरतात, आणि मोठा फ्लास्क वापरलाच तर फक्त मधल्या काही मिलिमीटर पट्टीतल्या पेशी मोजतात. तुमच्याकडे फोटो असतील तर आजच एक काम करा. मधल्या पट्टीतल्या पेशी आणि कडेच्या पेशी वेगळ्या मोजा. मरण कडेला जास्त आणि मध्ये कमी असेल तर दोषी कोण, याचा अर्धा उलगडा तिथेच होईल.

'मग वेग कमी करतो,' असं तुम्ही म्हणाल. मिनिटाला १० फेऱ्या केल्या तर अपकेंद्री त्वरण छत्तीसपट कमी होईल, हे खरं. पण मग प्रत्येक फेरीला सहा सेकंद लागतील. पेशीतलं कॅल्शियम सेकंदाच्या आत बदलतं, म्हणजे तिला 'खाली' कुठे आहे हे फेरीच्या मधल्या काळात कळू शकतं. मीडियमात मोकळ्या असलेल्या पेशींचंही तसंच. वर घेतलेली पेशी १ जी मध्ये सेकंदाला सुमारे ४ मायक्रोमीटर वेगानं खाली जाते. ६० फेऱ्यांच्या वेगात ती एक मायक्रोमीटरहून लहान त्रिज्येच्या वर्तुळात फिरते, म्हणजे जवळपास जागच्या जागी. मिनिटाला ३ फेऱ्या केल्या तर त्रिज्या १२-१३ मायक्रोमीटर होते, तिच्या स्वतःच्या आकाराहून मोठी. तेव्हा वेगाचा आकडा एकटा निवडता येत नाही. पेशी चिकटलेल्या की मोकळ्या, भांडं किती रुंद आणि तुम्ही बघताय ती घटना किती जलद, हे तिन्ही एकत्र धरून तो ठरतो.

आता मला सगळ्यात जास्त संशय आहे त्या गोष्टीकडे येते, मीडियमकडे. या फ्लास्कमध्ये आपण सहसा ५ मिलिलीटर घालतो, म्हणजे पेशींवर २ मिलिमीटरचा थर. काठोकाठ भरला की तो थर सेंटिमीटरांत जातो आणि आकारमान दहापटीच्या घरात पोचतं. हिप्पोकॅम्पसच्या चेतापेशी स्वतः आणि त्यांच्यात मिसळलेले ॲस्ट्रोसाइट (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी) मीडियममध्ये जे पोषक घटक सोडतात त्यांच्यावर त्या जगतात. म्हणून तर अनुभवी माणसं अशा कल्चरचं मीडियम पूर्ण न बदलता अर्धंच बदलतात. तुम्ही ते घटक एका दमात दहापट पातळ केले आणि कंट्रोलमध्ये मात्र तसेच ठेवले. हिप्पोकॅम्पसच्या पेशी मरायला आणि त्यांचे तंतू आखडायला एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं. एसएच-एसवाय५वाय न्यूरोब्लास्टोमा या गाठीतून आलेल्या आणि सतत विभागणाऱ्या पेशी आहेत, त्यांना याचं फारसं सोयरसुतक नसतं. त्यांच्यात तुम्हाला काही दिसलं की नाही, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. त्या ठीक असतील तर माझा संशय आणखी पक्का होतो.

दुसरी बाब प्राणवायूची. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गानं वाढतो. २ मिलिमीटरला साधारण पाव तास लागतो, अडीच सेंटिमीटरला दीड दिवस. फिरण्यानं मीडियम थोडं ढवळलं जातं, पण भरलेल्या फ्लास्कवर हवा नसते आणि वायूंची देवाणघेवाण फक्त झाकणातून होते. चेतापेशी प्राणवायूवर फार अवलंबून असतात. त्यातच बायकार्बोनेटच्या बफरला कार्बन डायऑक्साइड नीट मिळाला नाही तर पीएचही सरकतो. मीडियमात फिनॉल रेड (रंगातून पीएच दाखवणारं द्रव्य) होतं का? ७२ तासांनी रंग कसा होता? हे नोंदवहीत नसेल तर पुढच्या वेळी प्रयोगाआधी आणि नंतर पीएच, ग्लुकोज आणि लॅक्टेट मोजा. फारसा खर्च नाही, आणि परीक्षक पहिल्यांदा हेच विचारतील.

याचा एक उलटा कंगोराही आहे. तुम्ही सुधारणा म्हणून काठोकाठ भरलेला फ्लास्क स्थिर कंट्रोल म्हणून ठेवलात, तर त्यात मीडियम ढवळलं जात नाही, म्हणजे तिथे तळाशी प्राणवायू फिरत्या फ्लास्कपेक्षाही कमी पडू शकतो. मग फिरवलेल्या पेशी 'बऱ्या' दिसतील आणि सूक्ष्मगुरुत्व चेतापेशींना उपकारक आहे असा शोध लागेल. म्हणून मोठे फ्लास्क भरण्याच्या फंदात पडू नका. वायू आरपार जाऊ देणाऱ्या पटलाची चपटी भांडी किंवा लहान स्लाइड-कक्ष वापरा, म्हणजे आकारमान नेहमीइतकंच राहतं आणि भांडं अरुंद असल्यानं अपकेंद्री त्वरणाचा प्रश्नही त्याच बरोबर सुटतो.

बुडबुड्यांबद्दल थोडक्यात. थंड मीडियम भरून ३७ अंशांवर ठेवलं की विरघळलेली हवा बाहेर पडते आणि छोटा बुडबुडा तयार होतो. भांडं फिरताना तो पेशींवरून फिरत राहतो आणि त्याच्या मागे द्रव जोरात घासला जातो. मीडियम आधी गरम करून, थोडं ठेवून मगच भरा आणि दर काही तासांनी भांड्यात डोकावून बघा. बुडबुडा दिसला की तो नमुना बाद. त्याला वाचवायचा मोह होतो, पण तो वाचवण्यासारखा नसतो.

द्रव घासल्यानं पेशींवर बसणाऱ्या ताणाला, लॅबमध्ये ज्याला सगळे शिअर म्हणतात त्याला, मी इतकं महत्त्व देते याला कारण आहे. पेशी यांत्रिक ताण ओळखतात. पीझो१ आणि पीझो२ या ताणावर उघडणाऱ्या आयन वाहिन्या २०१० मध्ये आर्डेम पॅटापौटियन यांच्या गटानं शोधल्या आणि २०२१ चं नोबेल त्यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत मिळालं. पीझो१ चेतासंस्थेच्या मूळपेशींमध्येही असते. द्रव घासला तर ती उघडते, कॅल्शियम आत येतं, ॲक्टिन या प्रथिनाचा पेशीतला सांगाडा बदलतो. कागदावर हा परिणाम आपण सूक्ष्मगुरुत्वाच्या नावानं शोधतो त्याच्यासारखाच दिसतो, आणि फक्त शेवटचा फोटो बघून दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

म्हणून कंट्रोल. माझ्याकडे कोणीही चेतापेशी फिरवायला घेतल्या तर हे सगळे त्याच दिवशी, त्याच कल्चरमधून, शक्यतो त्याच इन्क्युबेटरमध्ये असावे लागतात. एक, तसंच भांडं, तितकंच मीडियम, स्थिर, यंत्राच्या चौकटीवर ठेवलेलं, म्हणजे मोटरची थरथर आणि उष्णता त्यालाही मिळते. मोटर इन्क्युबेटरमध्ये उष्णता सोडते, तेव्हा भांड्याशेजारी तापमापक लावा, इन्क्युबेटरच्या दाराच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. दोन, तेच भांडं त्याच वेगानं पण अक्ष उभा करून फिरवलेलं. इथे फिरणं तेच, अपकेंद्री त्वरण तेच, पण गुरुत्वाची दिशा पेशीच्या दृष्टीनं बदलत नाही. एका अक्षाच्या क्लिनोस्टॅटचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि बहुतेक जण तो वापरतच नाहीत. यंत्र उभं केलं की पेशींचा थर भिंतीसारखा उभा होतो, म्हणून त्याच्या जोडीला तसंच उभं पण स्थिर भांडंही ठेवावं लागतं. तीन, पेशींचा थर छताला येईल असं उलटं ठेवलेलं स्थिर भांडं. सैल चिकटलेल्या पेशी त्यात गळून पडतात. तुमच्या निम्म्या पेशी मेल्या की नुसत्या सुटून वाहून गेल्या, याचं उत्तर त्यातून मिळतं.

हा फरक महत्त्वाचा आहे. पेशी चिकटवून ठेवणारा पॉली-डी-लायसिनचा लेप कमी पडला असेल तर फिरण्यानं पेशी सुटतात, आणि पहिल्या सुटतात त्या सैल चिकटलेल्या, अपक्व पेशी. मग उरलेल्यांचं सरासरी माप हे निवडक उरलेल्यांचं माप असतं. वर आलेलं मीडियम फेकू नका, त्यातल्या पेशी मोजा. लॅक्टेट डिहायड्रोजनेज (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम) मोजा, कॅस्पेज-३ साठी (पेशी स्वतः मरण ओढवून घेते तेव्हा सक्रिय होणाऱ्या एन्झाइमसाठी) रंगवा. मरण दिसलं तर ते फुटून झालं की पेशीनं स्वतः ओढवून घेतलं, हे कळल्याशिवाय त्याबद्दल काही बोलता येत नाही.

७२ तास हा एकच बिंदू घेतलात त्याबद्दलही सांगायला हवं. २००२ मध्ये सी६ या ग्लायल (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशींवरचं काम प्रसिद्ध झालं. त्यात पहिल्या अर्ध्या-एका तासात सांगाडा विस्कटलेला दिसला आणि २० तासांच्या आसपास पेशी बऱ्याच सावरलेल्या होत्या. त्यांनी फक्त २० तासांचा बिंदू घेतला असता तर 'काहीच परिणाम नाही' असं लिहिलं असतं आणि फक्त अर्ध्या तासाचा घेतला असता तर भयंकर चित्र उभं राहिलं असतं. निदान अर्धा तास, ४ तास, २४ तास आणि ७२ तास असे बिंदू घ्या. गुरुत्वाच्या दिशेचा परिणाम असेल तर तो लवकर सुरू व्हायला हवा. पोषण आणि प्राणवायूचा असेल तर पहिल्या तासांत काही दिसणार नाही आणि पुढे उतार लागेल. तुमच्या प्रश्नावर हा वेळेचा आलेख एकटाच पुष्कळ सांगून जाईल.

त्यातही एक पथ्य पाळा. यंत्र थांबवलं की पेशी लगेच १ जी मध्ये परत येते. ॲक्टिन काही मिनिटांत बदलतो. तेव्हा यंत्र बंद करून, भांडी काढून, खाली नेऊन निवांत पॅराफॉर्मल्डिहाइड (पेशी आहेत तशा स्थिर करणारं फिक्सेटिव्ह) घातलं तर तुम्ही वजनरहिततेचा नाही, तिच्यातून परत येण्याचा फोटो काढता. ३७ अंशांवर ठेवलेलं फिक्सेटिव्ह हाताशी हवं, आणि जमत असेल तर फिरत असतानाच सिरिंजनं आत सोडायची सोय करा. आम्ही यावर बरेच कष्ट घेतले आणि ते सार्थकी लागले असं मी खात्रीनं सांगते.

मोजमापाबद्दल दोनच गोष्टी. क्यूपीसीआर (जीन किती व्यक्त होतात हे मोजायची चाचणी) करताना संदर्भ जीन म्हणून बीटा-ॲक्टिन घेऊ नका. तुम्ही सांगाडा बदलतो का हेच बघताय आणि त्याच सांगाड्याचं प्रथिन स्थिर आहे असं धरून बाकीच्यांची तुलना करताय, हे तर्काला धरून नाही. प्रथिनं मोजणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटलाही हेच लागू. अनेक संदर्भ जीन आधी तपासून, तुमच्या परिस्थितीत जे हलत नाहीत ते घ्या. दुसरी गोष्ट आकडेवारीची. एका मादीच्या भ्रूणांतून एका दिवशी काढलेलं कल्चर म्हणजे एक नमुना. त्यातल्या तीनशे चेतापेशींचे तंतू मोजले तरी तो एकच. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माद्यांपासून पुन्हा करा, आणि तंतू मोजणाऱ्याला कुठला फोटो फिरवलेल्या पेशींचा आहे हे माहीत नसू द्या. चेतापेशींचे तंतू मोजताना डोळा हवं ते बघतो, कितीही प्रामाणिक माणूस असला तरी.

पेशींच्या निवडीवर मत विचारलं नाहीत, तरी देते. एसएच-एसवाय५वाय फक्त यंत्र बसवायला आणि पद्धत पक्की करायला वापरा. विभागणाऱ्या पेशींत फरक दिसला तर तो विभागण्याच्या वेगातला की चेतापेशीपणातला, हे सांगता येत नाही. रेटिनॉइक ॲसिड देऊन त्यांना प्रौढ केलं तर थोडं सोपं होतं. खरा प्रश्न हिप्पोकॅम्पसच्या पेशींत आहे. तिथे ॲस्ट्रोसाइट किती टक्के आहेत हे प्रत्येक वेळी जीएफएपी या त्यांच्या ओळखीच्या प्रथिनासाठी रंगवून मोजा, कारण गुरुत्वाला आधी प्रतिसाद देणारी पेशी ॲस्ट्रोसाइट असेल आणि चेतापेशी फक्त तिच्या मागून जात असेल, हे अगदी शक्य आहे. मला स्वतःला ही दिशा सगळ्यात आशेची वाटते.

आता रँडम पोझिशनिंग मशीन. त्यात दोन चौकटी वेगवेगळ्या, बदलत्या वेगानं फिरतात आणि दिशेची सरासरी शून्याकडे जाते. पण ती जायला वेळ लागतो, मिनिटांपासून तासांपर्यंत. म्हणून कॅल्शियमसारख्या जलद घटनांसाठी ते मला पटत नाही, दिवसांच्या प्रयोगांना ठीक आहे. मोठं भांडं ठेवता येतं ही त्याची सोय. पण वेग आणि दिशा सतत बदलत असल्यानं द्रव कधीच भांड्यासोबत स्थिर होत नाही, त्यामुळे शिअर एका अक्षाच्या क्लिनोस्टॅटपेक्षा जास्त, आणि अक्ष उभा करण्यासारखा साधा कंट्रोलही त्यात नाही. तुमचा आजचा प्रश्न त्यानं सुटणार नाही, गुंतेल. ऑर्गनॉइडवर (मूळपेशींपासून वाढवलेल्या मेंदूसारख्या लहान गोळ्यांवर) काम करायचं ठरलं तर नासाच्या जॉन्सन अंतराळ केंद्रात विकसित झालेलं फिरत्या भिंतीचं भांडं बघा. मात्र तिथेही गोळा मीडियमात सतत पडतच असतो. तो मोठा होतो तसा पडण्याचा वेग वाढतो, आणि त्याला कमी शिअरची तरंगती वाढ म्हणणं मला जास्त योग्य वाटतं.

निष्कर्षाची भाषा शेवटी. २०१३ मध्ये या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांनी एकत्र येऊन जमिनीवरच्या यंत्रांसाठी 'सिम्युलेटेड मायक्रोग्रॅव्हिटी' (नक्कल केलेलं सूक्ष्मगुरुत्व) असंच लिहावं असं सुचवलं, आणि मी विद्यार्थ्यांना त्यापुढे यंत्राचं नाव आणि वेगही लिहायला लावते. अंतराळवीरांच्या मेंदूपर्यंत उडी मारू नका. तिथे मेंदू कवटीत वर सरकतो, त्याच्या आतल्या पोकळ्या मोठ्या होतात, डोळ्यांवर परिणाम होतो. त्यात शरीरातला द्रव डोक्याकडे सरकण्याचा मोठा वाटा मानला जातो. भांड्यातल्या पेशीला ना डोकं ना पाय, त्यामुळे ते तिच्यात दिसणार नाही. किरणोत्साराचा परिणामही क्लिनोस्टॅट दाखवत नाही. शिवाय २०१९ मध्ये मानवी मूळपेशींपासून केलेले मेंदूचे ऑर्गनॉइड स्थानकावर पाठवले होते. बंद कुपीत, सुमारे एक मिलिलीटर मीडियमात, महिनाभर. ते जिवंत परतले, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत जमिनीवरच्या जोडीदारांपेक्षा त्यांच्यात परिपक्वतेची जीन जास्त आणि विभाजनाची कमी व्यक्त झालेली दिसली. ऑर्गनॉइड आणि तुमच्या सपाट थरातल्या पेशी एक नव्हेत, पण 'सूक्ष्मगुरुत्व चेतापेशींना मारतं' असं लिहिणाऱ्याला हा निकाल समोर ठेवूनच लिहावं लागेल.

तर तूर्तास असं करा. आहे तोच क्लिनोस्टॅट ठेवा. जुन्या फोटोंत मधली पट्टी आणि कड वेगळी मोजा. मग अरुंद, वायू जाऊ देणाऱ्या भांड्यांत नेहमीइतक्याच मीडियमात हिप्पोकॅम्पसच्या पेशी घेऊन सगळे कंट्रोल आणि चारही वेळा एकदा करा. मरण नाहीसं झालं तर ते मीडियमचं होतं, आणि तेही प्रबंधात लिहिण्यासारखंच आहे, कारण पुढच्या माणसाचे महिने वाचतील. मरण कमी होऊन तंतूंमधला फरक फक्त आडव्या अक्षाच्या भांड्यांत टिकला, तर तुमच्या हाती खरोखर काहीतरी आहे. मग ॲस्ट्रोसाइट काढून आणि ठेवून तोच प्रयोग करा. आकडे आल्यावर इथेच लिहा. अक्षापासूनचं अंतर, मीडियमची मात्रा आणि आधी-नंतरचा पीएच सोबत द्या, म्हणजे पुढचं बोलता येईल.